आजोबांची सुतारकामाची पेटी: भंगारात घालण्याआधी आणि ग्राइंडर लावण्याआधी

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना आजोबांची पेटी निघाली. आत एक लोखंडी रंधा, दोन लाकडी रंधे, पाच पटाश्या, एक वाकस आणि एक करवत. पेटीबाहेर बाकाला बसवायचा जड व्हाइस, आणि खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेले दोन विळे नि एक कोयता. सगळ्यावर गंज. बाजारातून आणलेल्या नव्या पटाशीची धार चौकटीच्या पहिल्याच भोकात मुडपली, म्हणून तुम्ही विचारलंय की जुनं लोखंडच चांगलं होतं का, ही हत्यारं दुरुस्त करावीत की किलोवर द्यावीत, आणि शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याने सांगितल्याप्रमाणे ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून साफ करावीत का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घाई त्याचीच आहे. ग्राइंडर लावू नका. पन्नास वर्षांच्या वापराने जे बिघडलं नाही ते ग्राइंडर अर्ध्या मिनिटात बिघडवतो. कसं, ते खाली येईलच.

जुनं लोखंड चांगलं होतं का, याला सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. जुन्या काळीही वाईट हत्यारं भरपूर बनत होती. ती तेव्हाच मोडली, झिजली, भंगारात गेली. आज माळ्यावर जे उरलंय ते चाळणीतून गाळून उरलेलं आहे, म्हणून सगळं जुनं चांगलंच होतं असा भास होतो. पण दोन गोष्टी खऱ्या आहेत. एक, चांगल्या कारखान्यातली जुनी पटाशी किंवा रंध्याचं पातं साध्या, जास्त कार्बनच्या पोलादाचं असे, साधारण ०.८ ते १.२ टक्के कार्बन, आणि त्याला पाणी देण्याचं (म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक करण्याचं) काम नीट केलेलं असे. दोन, ते हत्यार पुन्हा पुन्हा धार लावून, दांडा बदलून, स्क्रू बदलून वापरायचं, या हिशेबानेच बनवलेलं असे. आजच्या स्वस्त पटाशीत बहुतेक वेळा पोलादापेक्षा पाणी देण्यातच चूक असते. धार मुडपते म्हणजे ती मऊ राहिलीय. तुकडे पडत असते तर जास्त कडक राहिलीय असं म्हटलं असतं.

म्हणजे प्रत्येक हत्याराबाबत विचारायचं ते इतकंच: धारेपाशी चांगलं पोलाद किती उरलंय, आणि त्याची कडकी (म्हणजे कडकपणा) शाबूत आहे का. बाकी गंज, मोडका दांडा, सैल स्क्रू ही सगळी दुरुस्त होणारी कामं.

आता हे कसं तपासायचं. गंज पूर्ण काढायच्या आधीच तपासा, म्हणजे ज्यात दम नाही त्याच्यावर कष्ट वाया जाणार नाहीत. धारेजवळचा बोटभर भाग १२० नंबरच्या एमरी पेपरने उजळा. मग एक बारीक कानस घ्या, शक्यतो नवी, आणि धारेच्या कोपऱ्यावर हलक्या हाताने एकदाच फिरवा. कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरली आणि पोलादावर ओरखडासुद्धा उठला नाही, तर कडकी भरपूर आहे. थोडी पकडली पण जोर लावावा लागला, तर पटाशीसाठी उत्तम. कानशीने बुरा सहज निघाला, तर तिथे पोलादाचा ताव उतरलाय किंवा पोलाद संपलंय. हीच परीक्षा धारेपासून एक सेंटिमीटर मागे, मग दोन सेंटिमीटर मागे करा. पुढे मऊ आणि मागे कडक असेल तर कुणीतरी कधीतरी साणेच्या चाकावर धार जाळलेली आहे. तेवढा पुढचा तुकडा घासून काढला की मागे चांगलं पातं मिळतं.

लाकडी रंध्यांच्या पात्यांत आणखी एक गोष्ट बघायची. जुन्या जाड पात्यांत आख्खं पातं पोलादाचं नसे. मऊ लोखंडाच्या पट्टीवर धारेच्या बाजूला पोलादाची पातळ पट्टी भट्टीत जोडलेली असे. पोलाद महाग होतं, आणि मऊ लोखंडाची पाठ असली की पातं ठोक्याने तडकत नाही, सहाणेवर लवकर घासलंही जातं. जोड दिसावा म्हणून धारेचा उतार ४०० नंबरच्या वॉटर पेपरने चकचकीत करा आणि त्यावर लिंबू किंवा चिंचेचा कोळ लावून पाच-दहा मिनिटं ठेवा. पुसल्यावर पोलाद काळपट करडं दिसतं, लोखंड फिकट राहतं, आणि मधली रेघ स्पष्ट उमटते. आता पात्याची सपाट बाजूही तशीच उजळून पोलाद वर कुठपर्यंत जातं ते बघा. ती रेघ धारेपासून तीन-चार सेंटिमीटर वर असेल तर तुमच्या आयुष्याला पुरेल. अर्धा सेंटिमीटर उरलं असेल तर हौसेला ठेवा, कामाला नवं पातं घ्या. पोलाद संपून लोखंड लागलेल्या पात्याला कितीही धार लावा, सागाच्या दोन फळ्यांत जाते. सागात मुळातच सिलिका असते, चांगल्या धारेलाही तो लवकर बसवतो.

पटाश्यांवर शिक्का असेल तर तो हळूच, तेलात भिजवलेल्या बारीक स्टील वुलने साफ करा. इंग्रजी अक्षरांत ‘कास्ट स्टील’ दिसलं तर घाबरू नका, ते बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, हत्यार नव्हे. शेफील्डमध्ये बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवून ओतायची पद्धत बसवली. त्या पोलादाला हे नाव होतं आणि पुढे दीड-दोनशे वर्षं चांगल्या पटाश्या, करवती, पाती त्याचीच बनत राहिली. असा शिक्का असलेली पटाशी किलोवर देणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण शिक्का नसला म्हणून टाकूही नका. गावच्या लोहाराने बनवलेल्या पटाशीवर शिक्का नसतो. कानस काय सांगते ते महत्त्वाचं.

आता गंज. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, कारण गंज दोन तऱ्हेचा असतो. वरवरचा तांबूस थर काही बिघडवत नाही. खोल खड्डे पडलेले असतील तर ते कुठे आहेत ते बघायचं. पटाशीच्या किंवा पात्याच्या सपाट पाठीला धारेजवळ खड्डे असतील तर प्रत्येक खड्डा धारेत एक खाच होऊन येतो. तिथून मागे, स्वच्छ पोलादापर्यंत घासावंच लागतं. वर दांड्याकडे खड्डे असतील तर असू देत.

सुरुवात रॉकेलने करा. हल्ली ते मिळणं अवघड, तर डिझेल चालेल. दांडे काढता येत असतील तर काढा, लोखंडी भाग एक रात्र बुडवून ठेवा, सकाळी पितळी ब्रशने किंवा जुन्या दाढीच्या ब्लेडने खरवडा. निम्म्या हत्यारांना एवढंच पुरतं. त्यापुढे लिंबूसत्व: किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड, एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात. पटाश्या नि पाती चार तासांनी काढून ब्रशने घासून बघा, गरज असेल तर आणखी दोन-चार तास. रात्रभर विसरू नका. गंज संपला की आम्ल लोखंड खायला लागतं आणि पृष्ठभाग करडा, खरखरीत होतो. काढल्याबरोबर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा (लिटरला एक मोठा चमचा), मग उकळतं पाणी ओता आणि फडक्याने पुसा. उकळत्या पाण्याचा फायदा हा की लोखंड तापतं आणि फटीतलं पाणीही उडून जातं. गरम असतानाच तेल लावा. पाच मिनिटं उशीर केलात तर खानापूरच्या पावसाळी हवेत डोळ्यांदेखत नवा पिवळट गंज चढतो.

संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. गंज झटक्यात जातो हे खरं, पण त्यातला क्लोराइड खड्ड्यांत अडकून राहतो आणि महिन्याभरात तोच गंज दुपटीने येतो. करवतीला तर कुठलंच आम्ल नको. पातळ, कडक, ताणलेल्या पोलादात आम्लामुळे हायड्रोजन शिरतो आणि दात वाकवताना कट्‌कन तुटतो. करवतीला रॉकेल, सपाट लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळलेला वॉटर पेपर आणि धीर.

व्हाइस आणि कोयत्यासारख्या जाड, वेड्यावाकड्या वस्तूंना बॅटरी चार्जरची युक्ती बरी पडते. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. मीठ कधीच नाही, त्याने क्लोरीन वायू निघतो. गंजलेली वस्तू चार्जरच्या निगेटिव्हला, साध्या लोखंडी पट्टीचा तुकडा पॉझिटिव्हला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टीलचा चमचा-ताटली लावू नका, त्यातला क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतो. १२ व्होल्ट, दोन ते पाच अँपिअर, सहा-आठ तास. बुडबुडे येतात तो हायड्रोजन आहे, म्हणून हे अंगणात करायचं, बंद खोलीत नाही आणि जवळ विडी-काडी नाही. चार्जर बंद केल्याशिवाय क्लिप काढू नका, ठिणगी पडते. ही पद्धत चांगलं लोखंड खात नाही, हाच तिचा मोठा गुण. मात्र करवत आणि स्प्रिंग हिच्यातही नको, हायड्रोजनचा धोका इथेही आहे.

आता ग्राइंडरचं. साध्या कार्बन पोलादाची कडकी पाणी दिल्यानंतर पुन्हा थोडी तापवून हव्या त्या जागी आणलेली असते. पटाशीला ते तापमान साधारण २२० ते २४० अंश. पोलादावर फिकट ते गडद गवती रंग येतो. त्याच्या वर गेलात की कडकी उतरत जाते: २५५ च्या आसपास तपकिरी, २७५ ला जांभळा, ३०० च्या जवळ निळा. ग्राइंडरची चकती किंवा तारेचा ब्रश पातळ धारेवर काही सेकंद टेकला तरी कोपरा ३०० च्या वर जाऊ शकतो. तो निळा ठिपका दिसला की तिथलं पोलाद पटाशीच्या धारेसाठी मऊ झालं. निळा रंग पेपरने घासून काढला तरी मऊपणा जात नाही. आजच्या ड्रिलचं हाय स्पीड स्टील लाल व्हायला येईपर्यंत कडकी सोडत नाही. त्यावर हात बसलेला माणूस जुनी पटाशीही तशीच धरतो, आणि तिथेच घात होतो. चाकावर घासावंच लागलं (धारेला मोठी खाच असेल तर लागतंच) तर हातमोजा न घालता बोट धारेच्या मागे लावून धरा, दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसला म्हणजे थांबायला उशीर झाला.

धार आधीच जळलेली असेल आणि मागेही कडकी नसेल, तर पुन्हा पाणी देता येतं. धारेकडचा तीन-चार सेंटिमीटर भाग भट्टीत किंवा गॅसच्या दिव्यावर एकसारखा लाल करायचा आणि चुंबक लावून बघायचं. साधारण ७७० अंशांना पोलादाला चुंबक चिकटायचं थांबतं. तिथून जरा, किंचितच पुढे जायचं आणि कोमट तेलात उभं बुडवून वर-खाली हलवायचं. आडवं बुडवलं तर वाकतं. जास्त तापवलं, नारिंगी-पिवळं केलं, तर आतले कण मोठे होतात आणि धार ठिसूळ राहते. घरी पाणी देणाऱ्यांची ही सगळ्यात नेहमीची चूक. तेलातून काढल्यावर कानस घसरली पाहिजे. मग घरच्या ओव्हनमध्ये २२० अंशांवर तासभर, थंड करून परत तासभर. ओव्हन नसेल तर पाठ उजळून मागच्या बाजूने हळूहळू तापवा, गवती रंग धारेला पोचला की पाण्यात. तेलात बुडवूनही कडकी आली नाही तर ते जुनं पोलाद पाण्यातच घालायचं असतं. पण पाण्यात तडकायची भीती जास्त, म्हणून आधी तेल.

धार लावण्याचं थोडक्यात सांगतो, कारण यावर इतरत्र भरपूर लिहिलेलं आहे. आधी सपाट पाठ: जाड काचेवर वॉटर पेपर चिकटवून २२०, ४००, ८००, १२०० या क्रमाने, धारेपासून फक्त दोन-अडीच सेंटिमीटर भाग आरसा होईपर्यंत. पाठ सपाट नसेल तर पुढचं सगळं फुकट. मग उतार. कोन मोजायचं साधन नसेल तर हिशेब सोपा आहे: उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असेल तर ३० अंश होतात, अडीचपटीच्या जरा आत असेल तर २५. मुख्य उतार २५ चा ठेवा आणि अगदी टोकाला ३० चा अर्धा मिलिमीटर. मत्ती, किंजळ, बाभूळ असल्या टणक लाकडात मोगरी मारून भोकं पाडणार असाल तर टोक ३५ पर्यंत न्या. धार जरा बोथट वाटेल पण टिकेल. वाकसाला ज्या बाजूला मुळात उतार आहे त्याच बाजूने घासा.

दांडे. पटाशीला जुने दांडे फुटलेले असतील तर बाभूळ, धावडा किंवा शिसवाचा वाळलेला तुकडा घ्या, रेषा लांबीला सरळ जाणाऱ्या. आडव्या तुटलेल्या रेषा असतील तर तो दांडा पहिल्या महिन्यात चिरतो. शेपटी (पटाशीचं दांड्यात जाणारं निमुळतं टोक) आत जायला आधी भोक पाडा, तळाशी शेपटीच्या टोकापेक्षा थोडं बारीक, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना कडी असेल तर ती जुनीच परत बसवा. शेपटी तापवून दांड्यात जाळत बसवायची पद्धत चालते, पण पातं ओल्या फडक्यात गुंडाळून. कोयत्याचा किंवा कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला म्हणून रात्रभर पाण्यात भिजवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. सकाळी घट्ट वाटतो, कारण लाकूड फुगलेलं असतं. पण लोखंडाच्या भोकात फुगायला जागा नसल्याने तंतू चेपतात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा जास्त सैल होतो. त्यापेक्षा पाचर बदला आणि टोकाला जवसाचं तेल पाजा.

हे जवसाचं तेल आपल्या भागात मिळायला अडचण नाही. ते हवेत वाळून घट्ट होतं, म्हणून दांड्याला तेच. शेंगतेल वाळत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं. फक्त एक सावधगिरी: जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

लोखंडी रंध्याचा जीव बिडाच्या अंगात असतो. तो एका जागी तडकलाय का हे सगळ्यात आधी बघा, विशेषतः पातं बाहेर येतं त्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि बाजूच्या भिंतींच्या बुडाशी. दोरीला टांगून लाकडाच्या तुकड्याने टकटक करा: खणखणला तर बरा, बद्द वाजला तर शंका घ्या. शंका आली तर रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूत ओल्या रेघेसारखं वर येतं. तोंडापासून चीर गेलेला रंधा कामाला ठेवू नका, आणि साध्या वेल्डिंग रॉडने तर तो जोडूच नका. बीड शेजारी नव्या जागी फुटतं. चीर नसेल तर तळ तपासा. संपूर्ण तळ आरशासारखा सपाट असायची गरज नाही. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढचा भाग आणि मागचं टोक एका पातळीत हवेत. काचेवर ८० नंबरचा पेपर, तळाला पेन्सिलीने आडव्या रेघा, पातं बसवून पण आत ओढून घेतलेलं (म्हणजे अंगावरचा ताण कामाच्या वेळी असतो तसाच राहतो), आणि घासा. या तीन जागांवरच्या रेघा गेल्या की थांबा. वरची लोखंडी टोपी पात्याला धारेपाशी एकसंध टेकली पाहिजे. उजेडाकडे धरून फट दिसली तर टोपीची कड घासा, नाही तर भुसा तिथे अडकतो आणि लोक पात्याला दोष देतात. टोपी धारेपासून साधारण अर्धा ते एक मिलिमीटर मागे.

लाकडी रंध्यांची घाई करू नका. माळ्यावरून खाली आलेलं लाकूड आता ओल धरेल, फुगेल, आणि पावसाळ्यात तळ सपाट केलात तर थंडीत तो परत वाकडा. दिवाळी होऊन हवा कोरडी झाली की तळ बघा. तळ घासत गेलं की तोंड रुंद होत जातं, कारण पात्याची जागा आतून तिरकी आहे. तोंड दोन-तीन मिलिमीटरपेक्षा रुंद झालं असेल तर तोंडापुढे टणक लाकडाचं चौकोनी ठिगळ बसवून घ्या. कीड लागून भोकं पडलेली असतील आणि टोचणी आत सहज जात असेल तर अंग गेलं. पातं तेवढं ठेवा.

करवत हातात धरून कमानीसारखी वाकवा आणि सोडा. सरळ झाली तर पोलाद जिवंत आहे, वाक राहिला तर ठेवण्यात अर्थ नाही. इंचाला पाच-सहा दाते असतील तर ती लांबीला चिरायची, आठ-दहा असतील तर आडवी कापायची. दोन्हींच्या दात्यांची घासणी वेगळी असते, चिरायच्या करवतीला कानस सरळ आडवी, कापायच्या करवतीला तिरकी. दाते डावी-उजवीकडे वाकवताना फक्त वरचा अर्धा दात वाकवा, आणि वाकवलेला दात परत उलट वाकवायचा मोह टाळा. तुटलेला एखादा दात सोडून द्या, चार-पाच घासण्यांत तो आपोआप वर येतो. मात्र तुम्ही मुख्यतः प्लायवूड आणि सनमायकाचं काम करत असाल तर जुनी करवत दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. प्लायमधला डिंक साध्या पोलादाची धार खाऊन टाकतो. तिथे कार्बाइडच्या दात्यांचं नवं पातंच योग्य. जुन्याची भक्ती इथे कामाची नाही.

विळे आणि कोयता. भातकापणीचे हल्लीचे दातेरी विळे मोसमानंतर टाकून द्यायचे म्हणूनच बनतात. ते वाईट नाहीत, त्यांची योजनाच तशी आहे. तुमचे विळे साध्या धारेचे असतील तर ते लोहाराकडून शेवटून (म्हणजे धार नव्याने ठोकून) घेता येतात, आणि यातच त्यांचं टिकणं आहे. लोहार धार तापवून ठोकून पातळ करतो, धार तेवढी पाण्यात बुडवतो, पाठीत राहिलेली उष्णता धारेकडे सरकू देतो आणि हवा तो रंग आला की पुन्हा पाण्यात. शेवटून आणल्यावर पहिल्या दिवशी विळा बोथट वाटला तर लोहाराला नावं ठेवू नका. भट्टीत वरच्या पातळ थरातला कार्बन जळतो, तो थर मऊ असतो. सहाणेवर तो घासून गेला की खाली खरी धार लागते. खाली गेल्यावरही मऊच असेल तर मात्र पाणी देणं चुकलं.

ऊसतोडीचा कोयता ट्रकच्या कमानपाट्याचा असण्याची शक्यता बरीच. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के, वर सिलिकॉन. पटाशीइतकी धार धरत नाही पण दगडावर बसला तरी तुकडा पडत नाही, म्हणून त्या कामाला तेच बरोबर. त्याला पाणी द्यायचं ते तेलात. थंड पाण्यात टाकलेला कमानपाटा कधी कधी तिथल्या तिथे चिरतो आणि चीर पहिल्या दिवशी दिसतही नाही. धार लावण्याआधी धारेला खडूची ती परीक्षा एकदा करून घ्या. आणि ती खताची पिशवी आजच फेका. युरिया आणि मिश्र खतांचे कण हवेतली ओल ओढून घेतात. तुमच्या कोयत्यावर जास्त गंज का, याचं उत्तर बहुतेक त्या पिशवीतच आहे.

व्हाइसबद्दल मी सगळ्यात जास्त आशावादी आहे. मुख्य स्क्रू फिरवून बघा: दिशा बदलल्यावर जबडा हलायच्या आधी हँडल पाव-अर्धा फेरा रिकामं फिरत असेल तर चालतं. एक पूर्ण फेरा रिकामा जात असेल तर बहुधा स्क्रू नव्हे, आतली नट झिजलीय, कारण ती मुद्दाम मऊ असते. स्क्रू आणि नट दोन्ही काढून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या टर्नरकडे न्या आणि गनमेटलची नवी नट स्क्रूला जुळवून करून मागा. सोबत स्क्रू न्यायलाच हवा. जुन्या स्क्रूचे आटे चौकोनी असतात, आणि झिजल्यामुळे कागदावरचं माप आणि खरं माप जुळत नाही. जबड्याच्या पट्ट्या बदलणं त्याहून सोपं, फक्त जुने स्क्रू काढताना घाई नको. दोन दिवस तेल मुरवा, मग पेचकसावर हातोडीचा एक नेमका ठोका, मग फिरवा. रंग जुना असेल तर तो कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. केमिकल रिमूव्हर लावून ओलाच खरवडा. अंगाला चीर असेल तर मात्र तो भंगाराचाच. दाबाखाली फुटलेल्या बिडाचा तुकडा कुठे उडेल त्याचा भरवसा नाही.

साफ झालेली हत्यारं ठेवताना लाकडाच्या भुशात पुरू नका आणि चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका, दोन्ही ओल धरून ठेवतात. सिमेंटच्या भिंतीला टेकवूनही नको. शुद्ध मेण एक भाग आणि जवसाचं तेल चार भाग मंद गरम करून एकत्र करा, थंड झाल्यावर फडक्याने पातळ हात फिरवा. जूनच्या आधी एकदा, गणपतीच्या सुमारास एकदा, आणि घामट हाताने वापरल्यावर दर वेळी कोरडं पुसून. धारेला तेवढं मेण नको, तिथे मशीन ऑइलचा एक थेंब.

या सगळ्यात कामाचा क्रम असा ठेवा: पटाश्यांची कानस-परीक्षा आज, लिंबूसत्व रविवारी, व्हाइसची नट सवडीने, लाकडी रंधे दिवाळीनंतर. पाचांपैकी दोन पटाश्या जरी कडक निघाल्या तरी तुमचं चौकटीचं अडलेलं काम त्यांवर होऊन जाईल, आणि ती मुडपलेली नवी पटाशी पाणी देण्याचा हात बसवायला उपयोगी पडेल.